गजाननचे दोन्ही अंगठे

चाळीस वर्षं जपलेलं गुपित मी एका सात वर्षांच्या पोरीला सांगितलं. ही झाली माझी चूक. गुन्हा त्याच्याही आधीचा आहे, आणि तो मी आजवर अख्खाच्या अख्खा कुणाही मोठ्या माणसाला सांगितलेला नाही — बायकोला नाही, आईला नाही, देवळात गेलो तर देवालाही नाही. तुम्ही पहिले. बसा जरा. पाणी घ्या. मला वेळ लागणार आहे, कारण ही गोष्ट सरळ सांगायला गेलो की माझी जीभ वाकडी जाते — आणि माझ्या तोंडात जिभेला वाकडं जायला जागा जरा जास्तच आहे. ती का, तेही येईल.

मी मेहकरला दातांचा डॉक्टर आहे. बसस्टँडच्या मागं, खाली खत-बियाण्याचं दुकान आणि वर मी. मोठ्यांच्या दाढा काढणं हे पोटापाण्याचं काम. मनापासून आवडतं ते लहान पोरांचं. त्यातही अंगठा चोखणाऱ्या पोरांचं. आसपासच्या गावांतून आया येतात, पोराचा हात धरून, चोर पकडून आणल्यासारख्या. मी पोराला खुर्चीवर बसवतो, दिवा लावतो, आणि मोठ्या गंभीरपणे सांगतो — हे बघा, चार वर्षांपर्यंत काळजी करू नका, बहुतेक पोरं आपोआप सोडतात. पण दुधाचे दात पडून कायमचे येऊ लागले आणि अंगठा तोंडातच राहिला, की वरचे दात पुढे ढकलले जातात, खालचे मागे जातात, मधे फट राहते. तोंड मिटलं तरी समोरचे दात एकमेकांना भेटत नाहीत. मग पोराला शेवयासुद्धा दातांनी तुटत नाहीत.

हे सगळं सांगताना माझ्या मिशा हलतात. भरघोस आहेत. लोकांना वाटतं रुबाबासाठी ठेवल्या. काय सांगू? — झाकणासाठी ठेवल्यात. त्यांच्याखाली माझे वरचे चार दात असे बाहेर आलेत, की पावसात आधी ते भिजतात आणि मग मी.

आता तुम्ही म्हणाल, कळलं. हा डॉक्टर स्वतःच लहानपणी अंगठा चोखायचा, आणि हेच याचं गुपित. नाही हो. एवढ्यावर भागलं असतं तर मी चाळीस वर्षं तोंड शिवून कशाला बसलो असतो? लहानपणी अंगठा चोखला, यात लाजण्यासारखं काय आहे? प्रश्न तो नाहीच. प्रश्न आहे — कुणाचा?

थांबा. आधी गजानन सांगतो.

गजानन माझा चुलत भाऊ. मोठ्या बाबांचा मुलगा, माझ्याहून सहा महिन्यांनी लहान. आमचं गाव हिवरा आश्रमच्या रस्त्याला, आणि आमच्या जिल्ह्यात गजानन हे नाव किती घरांत असतं ते तुम्हाला माहीतच आहे. पारावर उभं राहून 'ए गजानन' म्हटलं, तर चार माणसं वळून पाहतात आणि पाचवा घरातून 'ओ' देतो. त्यामुळे प्रत्येकाला एक जास्तीचं नाव लावावंच लागतं. गावानं ते लावलंही. एक लंबा गजानन, एक गिरणीवाला गजानन, एक फौजी गजानन. आणि आमचा — अंगठ्या गजानन.

हे नाव त्याला वयाच्या सहाव्या वर्षी चिकटलं ते निघालंच नाही. शाळेत मास्तर हजेरीला तेच म्हणायचे, कारण वर्गात गजानन तीन. लोकांच्या मोबाईलमध्ये त्याचा नंबर त्याच नावानं. त्याच्या लग्नाच्या वेळची गोष्ट तर — आता हसू येतं, तेव्हाही आलं होतं, हीच तर माझी लाज. मुलीकडच्यांनी गावात चौकशी केली, 'गजाननराव कसे आहेत?' लोक म्हणाले, 'कोन्ता? अंगठ्या?' मुलीच्या वडिलांना वाटलं, पोरगा निरक्षर! आमचा गजानन बी.कॉम. मोठ्या बाबांनी पेटीतून गुणपत्रिका काढून दाखवली, तरी त्या भल्या माणसानं खिशातून पेन काढलं आणि म्हणाला, "एक सही करून दाखवा बरं जावाईबापू." गजाननानं दोन केल्या. एक मराठीत, एक इंग्रजीत. मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही डॉक्टरकी शिकता, हे अंगठ्याचं प्रकरण काय आहे? मी पोहे खात होतो. मी घास गिळला आणि म्हणालो, "लहानपणची गोष्ट आहे हो. झोपेत चोखायचा. आता पूर्ण बरा आहे."

आलं लक्षात? साक्ष दिली मी. पोहे खात खात.

आणखी एक सांगतो, मग मुद्द्यावर येतो. गजाननचा कुठलाही फोटो घ्या — शाळेचा, कॉलेजचा, लग्नाचा, सोयाबीनच्या ढिगासमोर उभा राहून काढलेला. त्याच्या हातांकडे बघा. दोन्ही मुठी बंद, आणि अंगठे आत. बाहेर चार-चार बोटं, अंगठा कुठंच नाही. बोलताना, चालताना, पाहुण्यांत बसला असतानाही तसंच. ट्रॅक्टरचं चाक धरतो तेव्हाच काय ते अंगठे उजेडात येतात. त्याला स्वतःला हे माहीत नाही. मला माहीत आहे. मी चाळीस वर्षं ते पाहतो आहे — आणि पाहिलं की मिशीवर हात फिरवतो.

आता सांगतो. सांगतोच.

मी साडेपाच वर्षांचा होतो आणि माझा उजवा अंगठा माझ्या तोंडात कायमचा राहायला आलेला होता. आईनं मारून पाहिलं, लाडानं पाहिलं. शेवटी प्रकरण मोठ्या आईकडे गेलं. मोठी आई म्हणजे गजाननची आई. घरात कुणाला काहीही झालं की औषध तिचं. तिनं कडुनिंबाचा पाला वाटला, त्यात काळाबोळ कालवला आणि माझ्या अंगठ्यावर असा थापला, जसा भिंतीवर पोचारा. मी तो एकदाच तोंडात घातला. ती चव आजही आठवली की माझ्या मिशा उभ्या राहतात. दोन दिवस मी अंगठ्याकडे नुसता बघत बसलो, दारावर कुलूप लागलेल्या घराकडे बघावं तसा.

उन्हाळ्याची सुट्टी होती. दुपारी जेवणं झाली की मोठी आई आम्हा पोट्ट्यांना मधल्या खोलीत सतरंजीवर ओळीनं झोपवायची. सारवलेल्या जमिनीचा गारवा सतरंजीतून वर यायचा. माझ्या शेजारी गजानन. गजानन झोपला म्हणजे ज्वारीचं पोतं — उचलून अंगणात ठेवलं तरी कळायचं नाही. त्या दुपारी तो उताणा झोपला होता. हात माझ्या तोंडापाशी पसरलेला. तळवा उघडा. आणि त्यावर अंगठा, स्वच्छ, कोवळा, कडुनिंब न लावलेला — आता तुम्हीच सांगा, साडेपाच वर्षांच्या माणसानं अशा वेळी काय करायचं?

नाही. हे विचारायला नको होतं. मी केलं, एवढंच म्हणतो. गजाननचा अंगठा मी माझ्या तोंडात घातला.

आणि शांत झोपलो.

आठ दिवसांत घरात जाहीर झालं की दिलीपनं अंगठा सोडला. माझ्यासाठी शिरा झाला. आल्या-गेल्याला माझा कोरडा अंगठा दाखवण्यात येऊ लागला. मीही तो वर करून दाखवायचो, निवडून आलेल्या माणसासारखा. इकडे रोज दुपारी, आणि शाळा सुरू झाल्यावर रात्री, माझी सोय लागलेलीच होती. गजानन निवांत घोरायचा, मी त्याच्या कुशीत शिरायचो. घरची माणसं म्हणायची, 'भावाभावांचं किती प्रेम हाय पाहा.'

मग काही महिन्यांनी मोठ्या आईला गजाननचा उजवा अंगठा दिसला. पांढरा पडलेला, सुरकुतलेला, पाण्यात भिजलेल्या शेंगदाण्यासारखा. तिनं तो हातात धरून सगळ्या घराला दाखवला. आणि सगळ्या घरानं तो पाहिला. सगळ्यांनी अंगठाच पाहिला हो — एकानंही कुणाच्या तोंडात पाहिलं नाही. ज्याचा अंगठा ओला, तोच चोखणारा. यात शंका घ्यायची तरी कुणी? गजानन पाय आपटून म्हणाला, "मी नाही चोखत!" मोठी आई म्हणाली, "झोपीत चोखतं तू. तुले काय मालूम?"

या प्रश्नाला त्या पोरानं काय उत्तर द्यायचं होतं? स्वतःच्या झोपेचा साक्षीदार कोण असतो? एक होता. तो शेजारी उभा राहून गुळाचा खडा चघळत होता.

उजव्या अंगठ्याला लेप लागला. मी कूस बदलून पलीकडच्या बाजूला झोपायला लागलो आणि डावा धरला. महिन्याभरानं डावाही पांढरा. घर हादरलं — "आता त दोन्ही चोखून राह्यला हा!" मग दोन्हींना लेप, वर जुन्या बनियनच्या पट्ट्या. त्या पट्ट्या बांधून तो शाळेत गेला, आणि तिथंच त्याचं बारसं झालं. मी मात्र हुशार निघालो. गजानन झोपला की पट्टी सैल करायची, सदऱ्याच्या टोकानं लेप पुसायचा, आणि उठायच्या आत पट्टी परत चढवायची. डॉक्टरकीचा हात तेव्हाच बसला माझा.

आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ — पण नाही. एकदा गजानन ओसरीवर पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून रडत होता. मी त्याच्याजवळ गेलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "सोडून दे बे गजू. मी सोडली नं? मनावर घ्या लागते." तो डोळे पुसत म्हणाला, "घेतो दिल्या. उद्यापासून घेतो." त्यानं खरंच मनावर घेतलं. न केलेली सवय सोडायला तो बिचारा झटत राहिला, आणि सुटत नाही म्हणून स्वतःला शिव्या देत राहिला. दीड-दोन वर्षं. शेवटी मोठ्या बाबांनी त्याला स्वतःजवळ झोपवायला घेतलं तेव्हा तो 'सुधारला'. मीही सुधारलो — नाइलाजानं.

पुढं माझे नवे दात आले ते बाहेर डोकावतच आले. घरानं निकाल दिला, 'मामावर गेले.' माझ्या मामांचे दात मोत्यासारखे सरळ होते, पण ते दूर वरवट बकालला राहायचे. तपासायला कोण जातो?

मग मी दातांच्या कॉलेजात गेलो. तिथं आम्ही पोरं एकमेकांच्या दातांचे साचे घ्यायचो. माझा साचा सरांनी हातात घेतला, फिरवला आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, "डावखुरा आहेस का?" म्हटलं, नाही सर. "मग डावीकडचे दात जास्त पुढे कसे? अंगठा डावीकडून येत होता तुझ्या तोंडात." चाळीस पोरं हसली. मी म्हणालो, "मामावर गेलेत, सर." सर म्हणाले, "मामाचा अंगठा होता का?" — फार जवळ आले होते हो. एक नातं चुकलं फक्त.

त्या दिवशी मला शास्त्राप्रमाणे कळलं की पुरावा अंगठ्यावर राहत नाही. अंगठ्याच्या सुरकुत्या तासाभरात जातात. पुरावा तोंडात राहतो, आयुष्यभर. गजाननचे दात कसे आहेत? ऊस सोलावा तर त्यानंच. त्या दिवशी गावी जाऊन सांगायला हवं होतं. तोवरचं सगळं लहानपण होतं, त्यानंतरचं भित्रेपण. दोन्हींतला फरक मला चांगला कळत होता. मी काय केलं? मिशा वाढवल्या.

आता ईश्वरी.

ईश्वरी गजाननची मुलगी, दुसरीत शिकते. मला मोठेबाबा म्हणते. गेल्या पावसाळ्यात गजानन तिला घेऊन दवाखान्यात आला. बाहेर पेशंट होते म्हणून दारात 'डॉक्टरसाहेब' म्हणाला आणि दार लागल्यावर 'दिल्या'. खुर्चीपासून जरा लांबच बसला, मुठी मांडीवर, अंगठे आत. म्हणाला, "तीन सालांपासून लपवून राह्यलो. तुह्यासमोर आनाची लाज वाटे. माह्याच वळनावर गेली रे पोट्टी." ईश्वरीनं मान हलवून दुजोरा दिला. तिनं तोंड उघडलं. समोरचे दोन नवे, करवतीच्या काठांचे दात — पुढे कललेले. खालच्या दातांत आणि त्यांच्यात फट, आणि फटीतून गुलाबी जीभ बाहेर बघत होती. मी ते तोंड ओळखलं. रोज सकाळी दाढी करताना आरशात भेटतं.

मी नेहमीचा उपाय सुरू केला. घरच्या कॅलेंडरवर, ज्या दिवशी अंगठा तोंडात गेला नाही त्या दिवशी आईच्या पाकिटातली एक टिकली चिकटवायची. पोरींना हे आवडतं. पंधरा दिवसांनी ईश्वरी कॅलेंडर घेऊन आली. तीन टिकल्या. मी विचारलं, काय झालं ग? ती म्हणाली, "नाही होत मोठेबाबा. माह्या रक्तातच हाय ते. पप्पाले बी होतं. आजी म्हनते, बापाचं लेकराले लागतेच."

हे तिनं रडून नाही सांगितलं. आपल्या घरी दोन बैल आहेत, असं सांगावं तसं सांगितलं. आणि इथं माझी सगळी विद्या संपते. कारण अंगठा डॉक्टर सोडवत नाही, पोर स्वतः सोडतं. डॉक्टर फक्त आठवण करून देतो. ज्या पोरीला मनापासून वाटतं की आपल्याला सुटणारच नाही, तिला मी काय देऊ? चाळीस वर्षांपूर्वी मी एका झोपलेल्या पोराकडून जे घेतलं होतं, त्याचं देणं आता त्याची पोर देत होती — तेही तोंडानं.

तरीही मी खरं बोललो नाही. लिहून ठेवा. मी आधी जाळीचा विचार केला. वरच्या दातांच्या मागं तारेची एक छोटी जाळी बसवतात. अंगठा आत गेला की त्याला तार लागते, मजा येत नाही. मी तिच्या दातांचा साचा घेतला, जाळी करवून आणली. म्हटलं, तारेचं काम तारेला करू द्या, आपण कशाला तोंड उघडायचं?

बसवायच्या दिवशी ईश्वरीनं ती जाळी हातात घेतली, उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "मोठेबाबा, यानं रक्तातलं निघन का?"

मी गजाननला म्हटलं, गाडी रस्त्यात लावलीस, जरा बाजूला घेऊन ये. तो गेला. दार लावलं. आणि सात वर्षांच्या त्या पोरीसमोर, तोंडावरचा मास्क खाली ओढून, मी सगळं सांगितलं. सतरंजी, कडुनिंब, उजवा, डावा, बनियनच्या पट्ट्या, सगळं. ती आधी डोळे मोठे करून ऐकत होती. मग हसायला लागली. इतकी हसली की खुर्चीवरून घसरली. श्वास मिळाल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा —

"चव कशी होती?"

चाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी आठवून खरं सांगितलं. "मातीची. आणि थोडी चिंचेची."

मग विचार करताना तिचा अंगठा तोंडाकडे निघाला, अर्ध्या वाटेत थांबला. "म्हनजे पप्पाच्या रक्तात नाही?" नाही, म्हटलं. "मंग माह्यात कुठून आलं?" म्हटलं, कुठूनच नाही. हे तुझं एकटीचं आहे. कुणी दिलेलं नाही, म्हणून तुला टाकताही येईल.

तिनं जाळी माझ्या हातात परत दिली. "हे ठेवा तुमच्याजवळ. मी पाह्यतो." आणि मग, वकिलासारखी, "पन पप्पाले काऊन नाही सांगत?"

मी घाबरलो होतो. खाली गाडीचा आवाज बंद झाला होता, गजानन जिना चढत होता. मी घाईघाईत म्हटलं, सांगू ग, पण आत्ता नको. तुझं कॅलेंडर आधी भरू दे. दोन पानं पूर्ण भरेपर्यंत कुणाला बोलायचं नाही. कबूल? "कबूल," ती म्हणाली, आणि माझ्या अंगठ्याला अंगठा लावून वचन दिलं.

ही ती चूक. दोन महिन्यांत पोरगी विसरून जाईल, असं वाटलं होतं मला. पोरांचा डॉक्टर म्हणवतो स्वतःला.

त्यानंतर तिचे फोन यायला लागले. "मोठेबाबा, अकरा झाल्या." फोनवर खुदखुद. "मोठेबाबा, सव्वीस." मी हुरळून जायचो. दवाखान्यात दुसऱ्या आयांना तिचं उदाहरण द्यायचो — बघा, पोराला विश्वासात घेतलं की काय होतं! एक दिवस चुकला तर ती ते पान पुन्हा पहिल्यापासून मोजायची. कल्पना, म्हणजे तिची आई, सांगायची की पोट्टी झोपतानाही हात उशीखाली दाबून झोपते. मला कुठं ठाऊक, की ती अंगठा सोडायला झटत नव्हती — मला उघडं पाडायला झटत होती! एवढं जालीम औषध मी आजवर कुठल्या पेशंटला दिलेलं नाही.

डिसेंबरचा पहिला रविवार. कॅलेंडरची दोन पानं टिकल्यांनी लाल झालेली, आणि त्या आनंदात गजाननानं शेतात रोडग्यांचं जेवण ठेवलं. तूर डोक्याएवढी उभी, खाली हरभरा हिरवागार, आणि आंब्याखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले रोडगे. वांग्याची भाजी एवढी तिखट, की बोलायला कुणाला तोंड मोकळं नव्हतं. माझी बायको होती, कल्पना होती, मोठी आई खाटेवर बसून प्रत्येकाच्या फोडलेल्या रोडग्यावर तूप सोडत होती. गिरणीवाला गजानन आणि फौजी गजानन यांनाही बोलावलेलं. ईश्वरीनं सगळ्यांना दात दाखवले. फट थोडी मिटू लागली होती. या वयात सवय सुटली की दात आपले आपण मागं जागेवर सरकू लागतात. सगळ्यांनी डॉक्टरचं कौतुक केलं. मी मिशीवर हात फिरवला.

मोठी आई तूप सोडता सोडता म्हणाली, "बापापेक्षा शाणी निघाली माही नात. यानं त दोन साल सतावलं होतं मले."

ईश्वरीनं घास गिळला. फ्रॉकला हात पुसले. शाळेत भाषणाला उभं राहतात तशी उभी राहिली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेतून मला एकदम सगळं कळलं. मी म्हटलं, "ईश्वरी, बेटा, भाजी घे अजून —"

"कॅलेंडर भरलं," ती म्हणाली. "पप्पानं कधीच अंगठा नाही चोखला. मोठेबाबानं चोखला. पप्पाचा."

माझी बायको माझ्याकडे पाहत होती, जणू लग्नाच्या वीस वर्षांनंतर तिला आता स्थळाची चौकशी करावीशी वाटली. गजाननच्या हातातला रोडगा तसाच राहिला. त्यानं हळूच विचारलं, "कोन्ता?"

"दोन्ही," मी म्हणालो.

त्या दिवशी मी बोललो तो हा एकच शब्द. बाकी सगळं ईश्वरीनं सांगितलं, पट्ट्यांसकट, मातीच्या चवीसकट. म्हणून तर तुम्हाला सुरुवातीला म्हटलं, की अख्खं मी कुणाही मोठ्या माणसाला सांगितलेलं नाही.

मोठी आई खाटेवरून उतरली. गुडघ्यावर हात टेकत माझ्यापर्यंत आली, माझी हनुवटी धरून उन्हाकडे फिरवली आणि बोटानं माझी मिशी वर केली. बराच वेळ पाहिलं. "अवो माय," ती म्हणाली, "हे त इथंच लिहेल होतं! अन मी याच्या मामाले दोष देत राह्यली." फौजी गजाननला वेगळीच काळजी पडली होती. "मंग आतापासून अंगठ्या कोनाले म्हनाचं?" त्यानं विचारलं, आणि गिरणीवाल्यानं उत्तर म्हणून नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

मग गजानन हसला. उशिरा हसला. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी — ते भाजीचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही. विचारायचा हक्क होता का मला? मी खाली पाहत बसून राहिलो. पत्रावळीवर एक सावली आली. वर पाहिलं, तर गजाननचा हात माझ्या नाकासमोर होता. मूठ उघडलेली. त्यावर अंगठा — रुंद, नखात काळी माती, वर वांग्याचा लाल रस्सा — सगळ्या जगासमोर उभा.

"घे बे दिल्या," तो म्हणाला. "आज कडू नाही हाय."

ईश्वरीनं त्याचं मनगट धरलं आणि हात मागं ओढला.

"नका देऊ पप्पा," ती म्हणाली, दवाखान्यात मी बोलतो त्याच आवाजात. "लय मुश्किलीनं सुटली असन. त्याईले पुन्हा लागन."